परत वळणारे हेलिकॉप्टर

अँत्वान फुक्वा यांचा ‘टिअर्स ऑफ द सन’ (२००३) पुन्हा पाहताना लक्ष लढाईपेक्षा एका वळणावर स्थिरावते. नायजेरियातील काल्पनिक यादवीतून डॉक्टर लीना केंड्रिक्स हिला सोडवण्याचा आदेश असलेला लेफ्टनंट वॉटर्स, सोबत चालत आणलेल्या निर्वासितांना मागे टाकून उडतो; जळलेले मिशन वरून दिसताच हेलिकॉप्टर मागे वळवतो. या वळणासरशी नायकाबरोबर प्रेक्षकाचाही विवेक निवांत होतो.

एप्रिल १९९४ मध्ये किगालीत, एका तंत्रविद्यालयात आश्रयाला आलेल्या सुमारे दोन हजार रुवांडावासीयांना सोडून संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतील बेल्जियन सैनिक निघून गेले. परदेशी नागरिकांची सुटका झाली होती; मागे राहिलेल्यांपैकी बहुसंख्य मारले गेले. तेथे कोणी परत वळले नाही.

अशी कथा आपली जबाबदारी जागवते, की कल्पनेत ती पार पाडून आपल्याला मोकळे करते? चित्रपटात निर्वासितांच्या जगण्यामरण्याचा निर्णय वॉटर्सच्या मनात होतो; त्यांचे दुःख त्याच्या विवेकाच्या जागृतीचे निमित्त ठरते. म्हणून सुटकेच्या यादीत कोणाचे नाव होते आणि ती कोणी केली, हे विचारणे समीक्षेचेही नैतिक कार्य ठरते.