झोप कोणाला येत नाही?

महाभारताच्या उद्योगपर्वात ‘प्रजागर’ नावाचे एक उपपर्व आहे. प्रजागर म्हणजे जागरण. पांडवांकडून परत आलेल्या संजयाने धृतराष्ट्राला त्याच्या अन्यायाबद्दल दोष दिला आणि पांडवांचा निरोप उद्या सभेत सांगेन, असे म्हणून तो निघून गेला. त्या रात्री राजाच्या डोळ्याला डोळा लागेना. त्याने विदुराला बोलाविले. विदुरनीती म्हणून आपण जी वाचतो, ती त्या निद्राहीन रात्री सांगितली गेली.

झोप कोणाला येत नाही, हेच विदुराने आरंभी सांगितले आहे. बलवानाशी वैर पडलेला साधनहीन दुर्बल, ज्याचे सर्वस्व हरण झाले तो, कामातुर आणि चोर. ही नावे लक्षपूर्वक पाहावीत. तेथे चोर आहे, तसाच लुबाडला गेलेलाही आहे. तेव्हा ज्याला झोप नाही त्याच्या मनात पाप असलेच पाहिजे, हा समज योग्य नव्हे. आजारी मुलाच्या उशाशी बसलेली माता, कर्जाने गांजलेला शेतकरी, सांधेदुखीने तळमळणारा वृद्ध यांना ‘मन शुद्ध ठेवा, झोप येईल’ असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

परधनाच्या लोभाने तर तू जळत नाहीस ना, असेही विदुराने राजाला विचारले. हा प्रश्न मात्र ज्याने त्याने स्वतःलाच विचारावा. भावाचा वाटा दाबून ठेवला असेल, कोणाचे देणे थकविले असेल, कटू बोलून क्षमा मागितली नसेल, तर त्याचे औषध अंथरुणात सापडणार नाही. ते दिवसा, त्या माणसाच्या दारी जाऊनच घ्यावे लागते. धृतराष्ट्राने रात्रभर नीती ऐकली, सनत्सुजातांचे अध्यात्मही ऐकले. पण पांडवांचा वाटा दिला नाही. विचार पटतो, परंतु दुर्योधन भेटताच बुद्धी फिरते, अशी कबुली त्याने स्वतःच दिली आहे.

परंतु अंतःकरण निःशंक असूनही झोप येत नसेल तर? तेथे देहधर्माचा विचार करावा. गीतेच्या सहाव्या अध्यायात (श्लोक १६ व १७) अतिनिद्रा व अतिजागरण ही दोन्ही योगाला बाधक ठरविली आहेत. जुनाट निद्रानाशावर प्रथम गोळ्या न देता विचार व सवयी सुधारण्याची उपचारपद्धती वापरावी, असे अमेरिकेतील वैद्यांच्या एका मान्यवर संस्थेनेही २०१६ साली सुचविले. त्या पद्धतीतील नियम साधे आहेत. रात्र कशीही गेली तरी रोज ठरल्या वेळी उठावे. दुपारनंतर चहा-कॉफी वर्ज्य करावी. डोळे जड झाल्यावाचून अंथरुणावर पडू नये. वीसेक मिनिटे तळमळ झाली तर उठून मंद प्रकाशात शांतपणे वाचन किंवा नामस्मरण करावे, आणि झापड येऊ लागली की परतावे. घड्याळाकडे वारंवार पाहू नये. आठवड्यातून तीन रात्री असे होत तीन महिने लोटले, किंवा झोपेत घोरताना श्वास अडकत असला, तर वैद्यांकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

निद्रा बळाने ओढून आणता येत नाही. ज्याचे देणे असेल त्याला ते द्यावे, देहाचे नियम पाळावेत, आणि जे आपल्या हाती नाही ते भगवंताच्या हाती सोपवून दिवा मालवावा. एवढेच आपले कर्तव्य आहे.