तीन दिवसांची मुदत

आमच्या लहानपणी सक्करदऱ्यात बकरी ईदच्या दिवशी सगळी घाई उन्हाची असे. नागपूरच्या उन्हात कच्चे गोश्त दुपार काढत नाही, हे कोणी सांगावे लागत नव्हते. दादी परातीत तीन हिस्से लावी : एक घरचा, एक नात्यागोत्याचा, एक गरिबांचा. आम्ही पोरे झाकलेली ताटे घेऊन गल्लोगल्ली पळत असू. जोहरच्या अजानपर्यंत दोन हिस्से घराबाहेर गेलेले असत. उरलेल्याला मीठ-हळद लावायची, सकाळ-संध्याकाळ उकळी द्यायची, थोडे पट्ट्या कापून दोरीवर वाळत घालायचे. एवढे करूनही चौथ्या दिवशी हंडी घासून पालथी पडलेली असे.

2025 ची बकरी ईद 7 जूनला, मृगाच्या तोंडावर आली. ऊन तेच होते, घाई मात्र कुठे दिसली नाही.

फ्रीज थंडी तयार करतो असे आपण म्हणतो. खरे तर तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. नळ्यांतल्या द्रवाची वाफ होताना तो आतली उष्णता शोषतो, कॉम्प्रेसर ती वाफ दाबून बाहेरच्या नळ्यांत ढकलतो आणि ती उष्णता आपल्याच खोलीत सुटते. म्हणून फ्रीजची पाठ गरम लागते. उबेत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. 4 अंशांवर ही वाढ मंदावते, उणे 18 वर थांबते. पण बहुतेक जिवाणू मरत नाहीत, झोपून राहतात. लोडशेडिंगच्या वर्षांत ते जागे झालेले आम्ही पुष्कळदा पाहिले आहेत. सडणे टळत नाही, पुढे ढकलले जाते.

या पुढे ढकललेल्या मुदतीने आमच्या देण्याचे काय केले, हा आमचा प्रश्न आहे.

फ्रीज आला आणि माणूस कंजूष झाला, हे उत्तर तयारच असते. आम्हाला ते पटत नाही. दादीच्या काळातले सगळे देणे दिलदारीचे होते, असे म्हणायला मन धजत नाही. घरात वास सुटेल या भीतीने दिलेल्या गोश्ताला सदका म्हणायचे का? चाप कोणाकडे गेली आणि हाडे कोणाकडे, याच्या तक्रारी तेव्हाही होत्या. पण नियत कशीही असो, ताट दारापर्यंत पोचत होते. आता नियत चांगली असूनही ताट उद्यावर जाते, आणि उद्याची घाई फ्रीजला नसते.

‘सहीह मुस्लिम’मध्ये हजरत आयेशांची रिवायत आहे. एका वर्षी ईदच्या सुमारास खेड्यापाड्यांतली गरीब माणसे मदिनेत आली. कुर्बानीचे गोश्त तीन दिवसांपुरते ठेवा, बाकीचे सदका करा, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. पुढे लोकांनी विचारले तेव्हा खुलासा केला की ती मनाई त्या आलेल्या माणसांसाठी होती. आता खा, साठवा आणि सदकाही करा. म्हणजे साठवणे जायज आहे, त्यावर वाद नाही. आम्हाला अस्वस्थ करतो तो रिवायतीचा पहिला भाग. ती मनाई गोश्त किती दिवस टिकते यावरून ठरली नव्हती. गोश्त वाळवून टिकवण्याची रीत अरबस्तानात होतीच. शहरात कोण आले आहे, यावरून ती ठरली. आणि आमच्याकडे तर उमरेड रोडला ताजबागेच्या वाटेवर बाहेरगावची माणसे बारा महिने येतच असतात. तीन दिवस आम्ही कोणत्या वर्षी मोजायचे?

हे आम्ही घरात बोललो तेव्हा आपा हसली. “तुम्ही ताटे पळवत होता. रात्रभर चुलीशी अम्मी आणि मी बसत होतो,” ती म्हणाली. फ्रीजने तिला झोप दिली, हे आमच्या हिशेबात नव्हतेच. आमच्यासारख्या लिहिणाऱ्या पुरुषांचे बरेचसे हिशेब असेच असतात. मग तिने मागच्या गल्लीतल्या बाईची गोष्ट काढली. टिनाच्या छपराखालची एक खोली, फ्रीज नाही. ईदला एकाच दुपारी सात घरची ताटे आली. शिजवून किती शिजवणार? निम्मे टाकावे लागले. पुढे महिनाभर एकही ताट आले नाही.

म्हणून यंदा आपाने त्या बाईच्या हिश्श्याच्या चार पिशव्या करून आमच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. लागेल तेव्हा न्या, म्हणाली. तिच्या नवऱ्याचे इन्सुलिन आधीपासून आमच्याकडेच असते. ते 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते, आणि टिनाखाली मे महिन्यात ते कुठले जमायला! आम्हाला वाटले, प्रश्न सुटला. फ्रीज आमचा, आतले गोश्त अमानत.

इन्सुलिनसाठी ती बाई दिवसातून दोनदा बेधडक येते. पिशवीसाठी तीन आठवडे आली नाही. स्वतःच्या हिश्श्यासाठी तिला आमची कडी वाजवावी लागत होती, हे आमच्या ध्यानातच आले नाही. हिस्सा तिचा होता, पण दार आमचे होते. जे देऊनही आमच्याच ताब्यात राहते, ते दिले असे म्हणायचे का?

एका जुम्म्याला आपानेच पिशवी काढली, पाण्यात ठेवली आणि तिच्या दारात नेऊन दिली. ती बाई म्हणाली, “आपा, आज तुमच्याकडे पाहुणे नाहीत ना? तुम्हाला कमी तर पडणार नाही?”