स्मरणशक्तीचा पाव आणि आपला स्वाध्याय



घरात लहान मूल असेल तर डोरेमॉन तुम्हाला परका नाही. जपानी चित्रकथाकार फुजिको एफ. फुजिओ यांनी १९६९ च्या अखेरीस जन्माला घातलेले हे निळे यंत्रमांजर आज आपल्याकडची मुलेही आवडीने पाहतात. २२ व्या शतकातून आलेला डोरेमॉन पोटावरच्या खिशातून हवी ती अद्भुत वस्तू काढतो. त्याचा मित्र नोबिता मनाने निर्मळ आहे, पण अभ्यासाचा त्याला भारी कंटाळा.

या मालिकेतली एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. परीक्षा तोंडावर आली आहे आणि नोबिताचा अभ्यास झालेला नाही. तो डोरेमॉनला गळ घालतो. डोरेमॉन खिशातून पाव काढतो. हा पाव वहीच्या पानावर दाबला की अक्षरे त्यावर उमटतात आणि पाव खाल्ला की तो मजकूर पाठ होतो! नोबिता हरखून जातो. पण पाने पुष्कळ आणि पोट एकच. तो खात सुटतो, पोट बिघडते आणि पोट रिकामे होताच पाठ झालेले सारे निघून जाते. पुन्हा पहिल्यापासून खाणे आले!

मुले खो खो हसतात. आपणही हसतो. हसून झाल्यावर मात्र क्षणभर स्वतःकडे पाहू या.

सकाळी डोळे उघडताच आपण मोबाइलवर पाच सुविचार वाचतो आणि तीन पुढे पाठवतो. चहाबरोबर एक प्रवचन, प्रवासात दुसरे. हे पावावर पाव खाणे नव्हे तर काय? क्रोध हा शत्रू आहे, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण दूध उतू गेले की घरच्यांवर आवाज चढतोच. देह नश्वर आहे, हे शंभरदा ऐकलेले असते. पण जिवाभावाचे माणूस अंथरुणाला खिळले की त्यातला एकही शब्द हाताशी येत नाही. अशा वेळी डोळ्यांत पाणी येणे हा दोष नाही. पण इतकी वर्षे ऐकलेले गेले कुठे, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. ते पोटात गेले होते, अंगी लागले नव्हते.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्मज्ञानाचा मार्ग सांगतात, तेव्हा ते केवळ श्रवणावर थांबत नाहीत. श्रवणानंतर मनन आणि मननानंतर निदिध्यासन. श्रवण म्हणजे घास तोंडात घेणे, मनन म्हणजे तो चावणे आणि निदिध्यासन म्हणजे त्याचे रक्त होणे. मधल्या पायऱ्या गाळून चौथा घास घेतला, तर अजीर्णच होणार.

यात डोरेमॉनचा दोष नाही. तो प्रेमाने देतो आणि नोबिता कितीदा चुकला तरी त्याला अंतर देत नाही. सद्गुरूंची कृपाही अशीच असते. ते ताट वाढतात, समोर बसून आग्रह करतात. पण आपल्या वतीने ते पचवू शकत नाहीत. तेवढा पुरुषार्थ आपल्यालाच करावा लागतो.

म्हणून या आठवड्यात एक छोटा संकल्प करू या. रोज दहा पाने वाचण्याऐवजी सात दिवसांसाठी एकच विचार घ्या. पुस्तक मिटून तो स्वतःच्या शब्दांत वहीत लिहा. दिवसभरात तो कुठे उपयोगी पडला आणि कुठे निसटला, हे रात्री झोपण्यापूर्वी दोन ओळींत नोंदवा. स्वतःला दूषणे देऊ नका. फक्त प्रामाणिकपणे पाहा. आणि तो विचार स्वतः जगून पाहिल्याशिवाय कुणाला पाठवू नका.

मुले कार्टून पाहत असतील तेव्हा एकदा त्यांच्याजवळ बसा. रागावू नका, ही गोष्ट निघाली तर विचारा, “बाळा, नोबिता सगळे का विसरला?” ते चटकन म्हणेल, “घाईघाईने खाल्ले म्हणून!”

ते उत्तर आपल्यासाठीही आहे. आज एकच घास घ्या, पण सावकाश.