आवड आणि अभिप्राय

चेन्नईच्या पश्चिमेस असलेल्या आमच्या गावाचे नाव आवडी. नाव मूळचे तमिळ. मराठी 'आवडी'शी त्याचे काही नाते नाही. तथापि नोकरीच्या निमित्ताने येथे येणाऱ्या मराठी माणसास स्थानकावरील देवनागरी पाटी वाचून क्षणभर मौज वाटतेच. या नामसादृश्याचे निमित्त करून एका जुन्याच प्रश्नाचा आम्ही येथे विचार करू इच्छितो. दुसऱ्याने निर्मिलेल्या कृतीविषयी आपली आवड सांगणे आणि तिच्यावर अभिप्राय देणे, या दोन्ही गोष्टी एकच आहेत काय? आणि नसतील, तर कर्त्याचे आपण यांपैकी काय देणे लागतो?

उदाहरण घेतो ते मुद्दामच लहानशा वस्तूचे, केवळ शब्दांवर चालणाऱ्या संगणकीय खेळाचे. त्यात चित्र नसते. पडद्यावर एखाद्या जागेचे वर्णन येते. खेळणारा एका पात्राची भूमिका घेऊन 'उत्तरेकडे जा', 'दिवा उचल' अशा आज्ञा लिहितो आणि त्यानुसार पुढील जागा त्याच्यापुढे उलगडत जाते. या प्रकारचा आद्य खेळ अमेरिकेत विल क्राउदर यांनी 1975-76 च्या सुमारास रचला. केंटकीतील मॅमथ गुहेच्या नकाशांचे काम त्यांनी केले होते. त्या गुहेच्या वर्णनातून, घटस्फोटामुळे दुरावलेल्या आपल्या मुलींस रमवावे, हा त्यांचा एक हेतू होता. पुढे 1977 मध्ये डॉन वुड्स या विद्यार्थ्याने तो खेळ पाहिला, कर्त्याची परवानगी मागितली आणि त्यात पुष्कळ भर घातली. या प्रकाराच्या इतिहासात अगदी आरंभीच खेळणारा हा दुसरा कर्ता झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आजही असे खेळ पुष्कळदा एकटा माणूस, चरितार्थाचा व्यवसाय सांभाळून, रात्री जागून रचतो. खेळणारे थोडे, त्यांतून काही लिहून कळविणारे त्याहून थोडे. कोणी 'छान जमले आहे' एवढेच म्हणून पाठ थोपटतो, तर कोणी 'कंटाळवाणे' या एका शब्दात सारे निकालात काढतो. पहिल्यास आपण सौजन्य म्हणतो, दुसऱ्यास स्पष्टवक्तेपणा. आमच्या मते या दोन्ही केवळ आवडीनिवडीच्या नोंदी होत. त्यांतून बोलणाऱ्याची मर्जी कळते. खेळ कोठे अडला आणि कोठे वाहिला, ते कळत नाही.

मग अभिप्राय कशास म्हणावे? याचे उत्तर आमच्या गावात निराळ्याच ठिकाणी सापडते. येथे 1961 मध्ये स्थापन झालेला रणगाड्यांचा कारखाना आहे, आणि लढाऊ वाहनांची संशोधनसंस्थाही आहे. 'अर्जुन' रणगाड्याचा प्रकल्प 1974 मध्ये मंजूर झाला. त्याची सुधारलेली आवृत्ती सेनादलाच्या हाती सोपविण्याचा समारंभ 2021 मध्ये चेन्नईस झाला. मधल्या काळात सेनादलाने चाचण्या घेतल्या, उणिवा दाखविल्या, आणि सुधारलेल्या आवृत्तीत सत्तरहून अधिक फेरबदल झाले. रणगाडा आवडला की नाही, असे तेथे कोणी विचारीत नाही. कोणत्या भूमीवर, कोणत्या क्षणी, काय झाले, एवढेच विचारतात. त्यात बसणाऱ्याच्या शब्दाला वजन असते, कारण त्याने आपला प्राण पणास लावलेला असतो.

खेळणाऱ्याचे असे काय पणास लागते? कंटाळा आला तर तो उठून जाऊ शकतो. त्याने दिलेले असते ते आपल्या आयुष्यातील काही तास आणि विश्वासाने दिलेले अवधान. त्याचा अधिकार तेवढाच, पण तेवढा निश्चित. अशा खेळांची एक वार्षिक स्पर्धा 1995 पासून भरते. तीत सामान्य खेळणारेच परीक्षक असतात आणि पहिल्या दोन तासांच्या खेळावरून गुण देतात. दोन तासांत संपूर्ण कृतीचा न्याय होत नाही, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. परंतु दोन तास चाललेल्या माणसाला त्या दोन तासांची साक्ष देण्याचा अधिकार आहे. अभिप्राय म्हणजे निवाडा नव्हे. ती चाललेल्या वाटेची साक्ष होय.

आता ही साक्ष कर्त्याने कितपत मानावी? इंग्लंडमधील ग्रॅहम नेल्सन यांनी 1990 च्या दशकात खेळणाऱ्याच्या हक्कांची एक सनदच लिहिली. पूर्वसूचनेवाचून पात्रास मारू नये. नेमके एकच क्रियापद सुचले पाहिजे, असा हट्ट धरू नये. कोडे सुटल्यावर तरी ते समजावे, अशी तीतील काही कलमे. सूचना कळण्यासाठी खेळणारा अमेरिकन असण्याची गरज पडू नये, असेही एक कलम आहे. 'झॉर्क' या प्रसिद्ध खेळाच्या 1981 सालच्या दुसऱ्या भागात बेसबॉल ठाऊक असल्यावाचून न उलगडणारा एक चक्रव्यूह होता, त्याचा हा दाखला.

परप्रांतात राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना हे कलम विशेष जवळचे वाटते. समजा, येथील कोणी मराठी तरुणाने जुन्या वाड्याचा खेळ रचला आणि किल्ली तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात ठेवली. त्याचा तमिळ मित्र तेथे अडला, तर दोष कोणाचा? वृंदावन काढून टाकावे, असे आम्ही म्हणणार नाही. तसे केल्यास वाडाच उरणार नाही. परंतु त्या कोनाड्यात पणती ठेवतात, एवढे एक वाक्य अंगणाच्या वर्णनात आले, तर परक्यालाही वाट दिसेल आणि वाडाही वाडाच राहील. उत्तर कळल्यावर खेळणारा 'हे मला दिसायला हवे होते' असे म्हणाला, तर ते कोडे न्याय्य होते. 'हे मला कसे कळणार होते?' असे म्हणाला, तर कर्त्याने पुन्हा लेखणी उचलावी. आपण कोठे अडलो हे खेळणारा सांगतो, ते प्रमाण मानावे. उपाय मात्र कर्त्याने स्वतः शोधावा. मित्र म्हणेल, कोनाडाच नको. त्याची अडचण खरी असते, औषध खरे असतेच असे नाही.

राहिला प्रश्न दयेचा. नवख्या, एकट्या कर्त्याला सत्य सांगून दुखवावे काय? एका कठोर वाक्याने कित्येकांनी हातची लेखणी खाली ठेवली असेल, हे आम्ही नाकारीत नाही. शब्द सौम्य असावेत, हे तर सभ्यतेचे प्राथमिक लक्षण. परंतु दोष दिसत असता केवळ दयेपोटी स्तुती करणे म्हणजे समोरच्यास सत्य सोसावयास असमर्थ मानणे होय. त्यात त्याच्या श्रमाचा मान राहत नाही. आपल्या संस्कृत साहित्यशास्त्राने रसिकास 'सहृदय' म्हटले, ते तो गोड बोलतो म्हणून नव्हे. कवीच्या हृदयाशी त्याचे हृदय मिळते म्हणून. जो मन लावून चालला, तोच सांगू शकतो की अमुक वळणावर अंधार होता. असे सांगणारा एक मिळाला, तरी आपला खेळ कोणीतरी खरोखर खेळले, एवढे त्या एकट्या कर्त्यास कळते. आणि शंभर कौतुकांतून हे कळतेच असे नाही.