डोमकळीतील धडा

“गुरुजी, शाळेच्या कपाशीत डोमकळी उकलून, आपल्याच धाग्याने पाकळ्या बांधून आत बसलेली गुलाबी अळी मुलांना दाखवावी, ती कळी खुडून जाळायला सांगावे, आणि त्याच तासाला ‘जीवमात्राविषयी आदर’ हे जीवशास्त्राचे उद्दिष्ट वहीत उतरवून द्यावे, हे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.”

“बाई, १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि पुढे झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रमाचा मसुदा केला, त्यात हस्तोद्योग केंद्रस्थानी असूनही सामान्य विज्ञानात वनस्पती, प्राणी व आरोग्य यांच्या जोडीला ताऱ्यांच्या ज्ञानालाही स्थान होते. चरख्याला ताऱ्यांचा काय उपयोग? केवळ उपयुक्तता हे विद्येचे प्रयोजन त्यांनीही मानले नव्हते. अळी मारावीच लागेल. परंतु मारण्यापूर्वी तिचा जीवनक्रम पुरता पाहिलेला मुलगा निदान अकारण मारणार नाही, एवढाच आदर शाळेच्या आवाक्यातला आहे.”

“पाहण्यानेच तर अडचण वाढली. दहावीच्या आनुवंशिकता व उत्क्रांतीच्या धड्याला मी अळीला मारणारे विष स्वतःतच बाळगणाऱ्या बीटी कपाशीचे उदाहरण घेतले. २००२ साली या वाणाला परवानगी मिळाली. त्यातील विषाला पुरून उरलेल्या थोड्या अळ्यांचीच प्रजा वाढत गेली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडेच्या बोंडे किडली. विषाला बळी पडणारा वंशही टिकावा आणि तगलेल्यांशी त्याचा संकर होत राहावा, म्हणून कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावण्याचा दंडक होता. तो बहुतेक शेतांत पाळला गेला नाही. शिवाय हंगामानंतर फरदड राखली, म्हणजे जुनीच कपाशी न उपटता आणखी वेचणीसाठी उभी ठेवली, की अळीला पुढेही अन्न मिळत राहते. एवढे ऐकून एक मुलगी म्हणाली, ‘बाबांनी फरदड ठेवली नसती, तर ताईचं कॉलेज कसं झालं असतं?’ पुढच्या वर्षी फरदडीचा भाग गाळावा, असे मनात येते.”

त्या मुलीचा प्रश्न मला उद्दिष्टांच्या कोणत्याही छापील यादीहून मोलाचा वाटतो. कारण तिला धडा समजला होता, आणि समजला म्हणूनच तो तिला आपल्या वडिलांवरील आरोपासारखा ऐकू आला.

“गाळू नका,” गुरुजी म्हणाले. “घराची लाज राखण्यासाठी सत्याला कात्री लावणे ही करुणा नव्हे. मात्र फरदडीने अळीला काय मिळते हे ज्या फळ्यावर लिहाल, त्याच फळ्यावर फरदडीने घराला काय मिळते हेही मांडा, आणि ओलिताची सोय, कर्जाचा तगादा, कापसाचा भाव हेही.”

“हा जीवशास्त्राचा विषय नव्हे, असे तपासणीला येणारे म्हणतील.”

“म्हणू देत. कीड ज्या शेतात वाढते, त्या शेताचा जमाखर्च तिच्या परिस्थितीतून वगळता येत नाही.”

“आणि हिशेबाअंती फरदड मोडावी असेच निघाले, तर घरी ते सांगण्याचे ओझे पंधरा वर्षांच्या मुलीने वाहायचे?”

“नाही, ते शाळेने वाहायचे. पालकांना शेतावर बोलवा, त्यांच्यादेखत किडलेली बोंडे फोडा, आणि त्यांचे म्हणणे मुलांना ऐकू द्या.”

“ते आम्हालाच विचारतील, गुरुजी, की फरदड मोडली तर त्या पैशाची भर कोण घालणार.”

“विचारतील. त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही, तरीही बोलवा.”