शाळा सोडणे पाप आहे काय?

ढाणकीसारख्या गावी एखाद्या ख्रिस्ती शिक्षकाने शाळा सोडून दुकान घातले किंवा कापसाचा व्यापार धरला, म्हणजे मंडळीतील कोणी लागलीच त्यास देमास म्हणतात. प्रिय वाचकहो, असा न्याय करण्याची घाई करू नये, असे आम्हांस वाटते. शिकविणे ही देवाची सेवा खरी; परंतु तराजू किंवा नांगर धरणे ही सैतानाची सेवा, असे शास्त्रात कोठे आहे? आपला प्रभु सुतार होता, व पौल करिंथ येथे तंबू करून पोट भरीत असे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढती दुसऱ्यास मिळाली, तेव्हा ती नोकरी सोडून ते बेळगावास सायकलींच्या धंद्यात पडले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमिनीस विष बाधते, अशा समजुतीने शेतकरी ते घेईनात. ती समजूत धीराने घालविणे हेही शिकविणेच होते. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. शाळा सुटली, पण शिकविणे सुटले नाही.

दादाभाई नौरोजी 1855 साली एल्फिन्स्टन कॉलेजातील गणिताचे अध्यापन सोडून लंडनास कामा कंपनीत भागीदार झाले. परंतु अफू व दारू यांच्या व्यापाराचा नफा त्यांच्या मनास पटेना, म्हणून त्यांनी ती पेढीही सोडली. हे दोघे ख्रिस्ती नव्हते. तरी त्यांपासून आपणांस बोध घेता येतो. कोणता धंदा सोडला, यापेक्षा कोणता धरला व तो कसा चालविला, हे देव पाहतो.

तथापि शिक्षकबंधूंनो, एक गोष्ट विसरू नका. ज्या गावी एकच शिक्षक, तेथे तो वर्षाच्या मध्येच उठून गेला, तर ज्या घरात आजवर कोणी अक्षर वाचले नाही, त्या घरचे लेकरू पाटीसह परत गुरांमागे जाते. जाणे योग्य असेल, तरी असे जाणे योग्य नव्हे. वर्ष पुरे करावे, दुसऱ्याच्या हाती काम सोपवावे, मग देवाचे नाव घेऊन निघावे.

आणि मंडळीनेही त्यास देमास म्हणण्यापूर्वी आपल्या मनास विचारावे: याच्या घरी चूल पेटते की नाही, हे आपण कधी पाहिले काय? उपाशी राखलेल्या सेवकाच्या जाण्याचा जाब देव त्या एकट्यासच विचारणार नाही.