डॉक्टरांच्या कानी सांगितलेले

दवाखान्याचे दार लोटून आत बसल्यावर आपण डॉक्टरांना जे सांगतो, ते पुष्कळदा घरच्या माणसांनाही सांगितलेले नसते. रात्री येणारा घाम, वाढत गेलेले दारूचे प्रमाण, मनाला ग्रासून टाकणारी उदासी, जुना गर्भपात, सारे त्या चार भिंतींत बोलले जाते. पूर्वी ते डॉक्टरांच्या स्मरणात आणि एखाद्या पिवळ्या पडलेल्या कार्डावर राहत असे. आता ते संगणकात उतरते. कार्ड कपाटात बंद असते. संगणकातील नोंद मात्र लाखो नोंदींच्या शेजारी ठेवता येते, ताडून पाहता येते, दूरवर धाडता येते. म्हणूनच एक जुना प्रश्न नव्या तीव्रतेने आपल्यापुढे उभा राहतो: एकाच्या कानी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीवर साऱ्या समाजाचा हक्क पोहोचतो काय?

या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ अनुभव ज्या देशांच्या गाठी आहे, त्यांत ब्रिटनची गणना करावी लागेल. तेथे जवळपास प्रत्येकाचे नाव एखाद्या स्थानिक डॉक्टरकडे नोंदलेले असते. यॉर्कशायरमधील वेन्स्लीडेल या खोऱ्यात विल्यम पिकल्स नावाचे खेडेगावचे डॉक्टर होते. १९२९ साली तेथे काविळीची साथ आली. साथीच्या दिवसांत एका आजारी मुलीला त्यांनी सकाळी अंथरुणात पाहिले. ती आज काही उठायची नाही, असे त्यांना वाटले. पण त्याच दिवशी ती गावच्या जत्रेत जाऊन आली होती. मग कोण कोणाला कधी भेटले आणि कोण कधी आजारी पडले, यांची सांगड घालता घालता, लागण झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत सुमारे महिनाभराचा काळ जातो, हे पिकल्स यांना उमगले. १९३९ साली त्यांनी आपली निरीक्षणे पुस्तकरूपाने मांडली. मोठी प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही. नीट ठेवलेली वही आणि ओळखीची माणसे एवढ्यावर हे ज्ञान उभे राहिले.

पिकल्स यांनी कोणाकडून संमतिपत्र लिहून घेतले असेल, असे आम्हांला वाटत नाही. परंतु वही ज्यांच्याविषयी होती, त्यांना ते रोज रस्त्यात भेटत होते. त्यांनी विश्वासघात केला असता, तर गावाला तो कळला असता आणि जाबही विचारता आला असता. नोंद आणि उत्तरदायित्व एकाच गावात नांदत होते. पुढे नोंदी गावाबाहेर गेल्या. १९६०च्या दशकापासून निवडक दवाखाने फ्लूसारख्या रोगांचे आकडे दर आठवड्याला कळवू लागले. १९८७ पासून संगणकावरील नोंदींचा मोठा साठा संशोधनासाठी उभा राहू लागला. उत्तरदायित्व मात्र त्याच वेगाने त्यांच्यामागे गेले नाही.

या साठ्यांनी केलेले भले नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. १९९८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अवघ्या बारा मुलांवर आधारलेला एक लेख प्रसिद्ध झाला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध असावा, अशी शंका त्यातून पसरली आणि अनेक आईबापांनी लस टाळली. २०१० साली तो लेख मागे घेण्यात आला. पण त्याच्या कितीतरी आधी, २००४ साली, दवाखान्यांतील नोंदींच्या आधारे स्वमग्नतेचे वा तत्सम विकारांचे निदान झालेल्या १,२९४ जणांची तुलना इतर ४,४६९ जणांशी केली गेली. लशीमुळे धोका वाढत असल्याचा पुरावा आढळला नाही. त्या हजारो कुटुंबांना आपल्या मुलाच्या नोंदीने कोणा अनोळखी घरातील बाळाला गोवरापासून वाचवण्यास हातभार लावला, याचा पत्ताही नसेल.

२०२० साली कोविडच्या काळात ‘ओपनसेफली’ या यंत्रणेने एक कोटी सत्तर लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी अभ्यासल्या. कोणाला मृत्यूचा धोका अधिक, याचे उत्तर काही महिन्यांत मिळाले: वृद्ध, मधुमेही, गरीब वस्त्यांतील रहिवासी, कृष्णवर्णीय आणि दक्षिण आशियाई वंशाचे लोक. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली आपली मराठी माणसेही यांतच आली. येथे नोंदी संशोधकांच्या हाती दिल्या गेल्या नाहीत. त्या जेथे होत्या तेथेच राहिल्या. संशोधकांनी आपला प्रश्न आत धाडला आणि फक्त एकत्रित उत्तर बाहेर आले. कोणी कोणता प्रश्न विचारला, याची नोंदही सर्वांना पाहता येईल अशी ठेवली गेली. यंत्रणेच्या या रचनेतच आम्हांला एक नैतिक विचार दिसतो: दुसऱ्याचे दुःख अभ्यासायचे असेल, तर अभ्यासकानेही उजेडात उभे राहावे.

याच देशात उलट अनुभवही आला. २०१३ साली ‘केअर डॉट डेटा’ नावाची योजना जाहीर झाली. दवाखान्यांतील नोंदी एका मध्यवर्ती ठिकाणी जमा होणार होत्या. घरोघर पत्रके पाठवली गेली, पण ती मिळालीच नाहीत असे अनेकांनी सांगितले. माहिती विमा कंपन्यांच्या हाती पडेल, ही भीती पसरली. २०१४ साली योजना थांबली आणि २०१६ साली गुंडाळली गेली. २०२१ साली तसाच दुसरा प्रयत्न झाला, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांनी अल्पावधीत आपली नावे काढून घेतली आणि तोही पुढे ढकलावा लागला. याहून बोचरा प्रसंग २०१७चा. आरोग्यसेवेकडे असलेले रुग्णांचे पत्ते परदेशी स्थलांतरितांचा माग काढण्यासाठी गृहखात्याला पुरवण्याचा करार झाला होता. टीकेनंतर २०१८ साली तो बहुतांशी स्थगित झाला.

या शेवटच्या प्रसंगात प्रश्नाचे मर्म आहे, असे आम्हांला वाटते. गुप्तता आणि लोकहित ही तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली येणारच, असे सहसा मानले जाते. परंतु पत्ता पोलिसांपर्यंत जाईल या धास्तीने जी आई आपल्या खोकणाऱ्या मुलाला दवाखान्यात आणत नाही, तिच्या घरातला क्षयरोग कोणत्याच संगणकात उमटत नाही. रुग्ण खरे बोलेनासा झाला, की नोंद खोटी होते आणि खोट्या नोंदी लाखोंनी जमवल्या तरी त्यांतून सत्य निघत नाही. रोगावर पाळत ठेवणे आणि माणसावर पाळत ठेवणे यांतील रेषा पुसली गेली, तर रोगच नजरेआड होतो. गुप्तता हा रोगसर्वेक्षणाच्या मार्गातील अडथळा नव्हे. ती त्याचा पाया आहे.

नावे वगळली म्हणजे झाले, हे उत्तरही अपुरे आहे. लहानशा गावात दुर्मीळ विकाराचा एकच रुग्ण असेल, तर त्याचे वय आणि गाव सांगितले तरी सारे सांगितल्यासारखेच. शिवाय ओळख पटली नाही म्हणून अवमान झालाच नाही, असेही नाही. ज्याची गोष्ट त्याला न विचारता, न सांगता उचलली, यात त्याला साधन मानल्याचा दोष उरतोच.

मात्र नकार देणाऱ्यानेही अंतर्मुख व्हावे. आपण घेतो ती लस, टाळतो ते घातक औषध, ओळखतो ती साथ, हे सारे कोणाच्या तरी नोंदलेल्या वेदनेचे फळ आहे. फळ चाखावे आणि झाडाला पाणी घालण्याची वेळ आली की पाठ फिरवावी, हे न्यायाला धरून नाही. त्यातही दुर्बल घटक भीतीपोटी नोंदींतून गळले, तर त्यांचेच रोग अदृश्य राहतात. म्हणून विश्वास निर्माण करण्याचे अधिक ओझे मागणाऱ्यावर पडते, कारण सामर्थ्य त्याच्या हाती असते.

हा प्रश्न आता आपल्याही उंबरठ्यावर आला आहे. २०१७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या कायद्यात संशोधनाला सवलत आहे. त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवून दिलेले निकष पाळले जावेत, ही तिची अट. अट चांगली आहे. परंतु रांगेत ताटकळलेल्या, लिहितावाचता न येणाऱ्या आजीचा अंगठा घेतला म्हणजे तिची संमती मिळाली, असे आपण मानणार असू, तर चांगल्या कायद्याचाही उपयोग नाही.

उद्या दवाखान्याच्या खिडकीवर आपल्याला आरोग्यखात्याचा चौदा आकडी क्रमांक विचारला जाईल, तेव्हा आपणही विचारावे: हे कोण पाहील, कशासाठी पाहील आणि त्यातून काय निष्पन्न झाले ते आम्हांला कोण सांगेल? विचारण्यात उद्धटपणा नाही. आणि उत्तर सरळ मिळाले, तर आपली नोंद मोकळ्या मनाने द्यावी. आपल्या दुखण्याचा कोणा अनोळखी माणसाला उपयोग व्हावा, हे समाधानही लहान नाही.